पंचाने घेतलेला चहा

दौलतमामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, की ही खबर खरी कशावरून? मामांच्या घरात राहिलेल्या माणसाचं असंच होतं. फोन शेजाऱ्यांचा होता, आणि दुसऱ्याच्या तोंडची गोष्ट अर्धीच धरायची हे मामांनीच शिकवलेलं. म्हणून मी मामींना फोन लावला. त्यांनी तो उचलला, "ये तू" म्हणाल्या आणि ठेवून दिला... मग उरलेली अर्धी गोष्टही कळली. पुण्याहून कोल्हापूरला जाताना सगळ्या वाटेत मी रडले नाही. मामा सकाळी फिरून आले, खुर्चीत बसले आणि गेले, असं शेजारी म्हणाले होते. इतकं सोपं? ज्या माणसाने आयुष्यात दुधाची पिशवीसुद्धा उजेडात धरून बघितल्याशिवाय घेतली नाही, तो मरण असं निमूट घेईल यावर माझा विश्वास बसत नव्हता.

दौलतमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. शिवाजी पेठेच्या टोकाला दोन खोल्यांत राहायचे, शाळेत खेळाचे मास्तर होते, आणि रविवारी फुटबॉलचे पंच. ज्यांनी कोल्हापूरचा फुटबॉल पाहिला नाही त्यांना पंच या शब्दाचं वजन कळायचं नाही. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे पेठांचं भांडण, मधे चेंडू असतो इतकंच. एका पेठेत जन्मलेल्या माणसाने त्याच पेठेच्या संघाविरुद्ध शिट्टी वाजवायची आणि संध्याकाळी त्याच गल्लीतून घरी यायचं, हे सोपं नाही. मामांनी ते वर्षानुवर्षं केलं. तरुणपणी ते पेठेच्या संघाचे गोलकीपर होते, त्यामुळे पेठ त्यांना आपलं मानायची, आणि बाकीचं गाव त्याच कारणासाठी त्यांच्याकडे संशयाने बघायचं. मामाही सगळ्यांकडे संशयानेच बघायचे, म्हणजे फिटंफाट. "चेंडू सगळी बघत्यात," ते म्हणायचे, "मी हात बघतो." बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, कुणीही बोलायला लागलं की मामांची नजर त्याच्या तोंडावर नसायची, हातांवर असायची.

त्यांचा एक नेम होता. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की ते कुणाच्या घरचा चहा घ्यायचे नाहीत. कोल्हापुरात घर म्हटलं की ते कुठल्या ना कुठल्या संघाचं असतंच, आणि आज ज्याचा चहा घेतला त्याच्याच पोराचा पाय उद्या आपल्या डोळ्यांसमोर कुणाच्या तरी पायात अडकणार. म्हणून मामा स्वतःचा चहा बरोबर न्यायचे, निळ्या थर्मासमधून. त्याचं झाकण म्हणजेच कप, आणि त्या झाकणाला एका कडेला पोचा आलेला. बारशाला गेले तरी थर्मास, मयताला गेले तरी थर्मास. आम्ही बौद्ध. मामांच्या लहानपणी गावातल्या हॉटेलात आमच्या लोकांसाठी वेगळा कप मागच्या खिडकीत ठेवलेला असायचा, आणि पिऊन झाला की तो आपला आपण विसळायचा. त्याच माणसाने आता भल्याभल्यांच्या घरचा चहा नको म्हणावा, याची पेठेत काहींना गंमत वाटायची आणि काहींना राग यायचा. मामांचा दोघांवरही संशय होता.

माझे वडील हातकणंगल्याला रेल्वेत होते. कॉलेजसाठी मी मामांकडे राहायला आले आणि शेवटच्या वर्षाला असताना एका प्राध्यापकांनी माझ्या डोक्यात ते खूळ घातलं. देशातली सगळ्यात नावाजलेली मॅनेजमेंटची संस्था. देशभरातून पोरं परीक्षेला बसतात आणि मूठभर आत जातात. मामांना ते अजिबात पटलं नाही. एवढी सगळी हुशार पोरं एका जागी गोळा करायची म्हणजे यात कुणाचा तरी फायदा असणार, असं त्यांचं म्हणणं. लेखी परीक्षेत मी पास झाले तेव्हा त्यांनी निकालाचं पत्र उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पुढे गटचर्चा आणि मुलाखत आहे हे कळल्यावर त्यांचा संशय आणखी बळावला. "गटचर्चा म्हंजे काय गं? धाजणांनी एकदम बोलायचं आन् पंचानं गप बसून गुण द्यायचं? ह्यो कसला खेळ?" पण खेळ आहे म्हटल्यावर सराव आलाच. मॅच संपली की मैदानाबाहेर दोन्हीकडचे समर्थक एकमेकांच्या अंगावर धावून जात वाद घालायचे, ऑफसाइड होता की नव्हता यावर. मामा मला त्या घोळक्याच्या कडेला उभं करायचे आणि म्हणायचे, "ह्यात एक वाक्य पुरं बोलून दाखव." पहिल्या रविवारी मला तोंड उघडता आलं नाही. दुसऱ्या रविवारी अर्धं वाक्य झालं आणि एका काकांनी "तू गप गं" म्हणून उडवलं. होता होता मला कळलं, की ओरडून काही होत नाही. समोरचा श्वास घ्यायला थांबतो तिथे घुसायचं असतं. महिन्याभराने मी भर घोळक्यात अख्खं वाक्य बोलले आणि वर "तुमचं आधी ऐकून घेतलंय, आता माझं ऐका" असंही म्हटलं. मामा लांब उभे राहून थर्मासमधला चहा पीत होते. ते हसले नाहीत, पण घरी जाताना माझी पिशवी त्यांनी घेतली.

मुलाखतीचा सराव मात्र घोळक्यात होणार नव्हता. तिथे इंग्रजी लागणार होती, तीही त्या संस्थेतली. आणि त्या संस्थेत शिकून आलेला एकच माणूस मामांना ऐकून माहीत होता, पलीकडच्या पेठेच्या संघाला पैसा पुरवणाऱ्या फौंड्रीवाल्यांचा मुलगा अभिजित. तो तेव्हा सुट्टीसाठी घरी आला होता. मामांनी त्याला कसं विचारलं असेल, किती दिवस विचार करून, मला ठाऊक नाही. मला एवढंच सांगितलं, "उद्यापासनं त्यांच्या बंगल्यावर जायाचं. मी येतो संगं." अभिजित मला हॉलमध्ये बसवून प्रश्न विचारायचा, मामा बाहेर व्हरांड्यात बसायचे. मधे जाळीची खिडकी. पहिले दोन दिवस घरातून चहा आला, मामांनी हात जोडून परत पाठवला.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, अभिजितची आजी स्वतः बाहेर आली. घरातले सगळे तिला आईसाहेब म्हणायचे. मी आत "मला व्यवस्थापन का शिकायचं आहे" याचं अडखळत उत्तर देत होते आणि कान खिडकीकडे होते. आईसाहेब म्हणाल्या, "पावणं, रोज येतासा आन् पाणी सुदिक घेत न्हाईसा. आमचं काय चुकलं व्हय?"

मामा म्हणाले, "न्हाय आईसाहेब. हंगाम हाय."

"चहाला कसला आलाय हंगाम?" असं म्हणून त्या आत गेल्या आणि स्वतः दोन कप घेऊन आल्या. सोनेरी काठाचे, घरातले चांगले, दोन्ही अगदी एकसारखे. एक त्यांनी मामांच्या हातात दिला, समोर खुर्ची ओढून बसल्या आणि दुसऱ्यातून पिऊ लागल्या. मी बोलायची थांबले. अभिजितने दोनदा "येस?" म्हटलं. मामांच्या हातात तो कप होता आणि मामा कपाकडे बघत होते... हॉटेलच्या मागच्या खिडकीतल्या कपातून चहा प्यालेल्या माणसाने, समोर बसून स्वतःसारख्याच कपात चहा देणाऱ्या म्हाताऱ्या बाईला कुठल्या तोंडाने नाही म्हणायचं? आणि आत भाची बसलेली. मामा प्यायले. सगळा प्यायले.

दुसऱ्या दिवशी फायनल होती. आमच्या पेठेचा संघ विरुद्ध फौंड्रीवाल्यांचा संघ, आणि पंच दौलतमामा. ऐन वेळी पंच बदला म्हणून सांगितलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं, आणि का याचं उत्तर मी होते. बंगल्यावरून परतताना मामा फक्त एवढंच बोलले, "चहात साखर जास्त हुती."

फायनल मी पाहिली. शेवटपर्यंत गोल नाही. अगदी शेवटी आमच्या गोलसमोर गर्दी झाली, चेंडू उसळला, आमचा बचावपटू विलास पाठमोरा वळला आणि मामांची शिट्टी वाजली. पेनल्टी, आमच्या पेठेविरुद्ध. चेंडू विलासच्या हाताला लागला असं मामांनी खुणेने दाखवलं. विलास दोन्ही हात वर करून ओरडत होता. मी जिथे होते तिथून मला पाठ दिसत होती, हात नाही. पेनल्टीवर गोल झाला, फौंड्रीवाल्यांनी कप नेला, आणि मैदानभर "पंच विकला" अशी आरोळी उठली. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत कुणी आमच्याशी बोललं नाही. मामांनी शिट्टी धुतली, पुसली, कपाटात ठेवली आणि पुन्हा कधी काढली नाही. विचारलं तर सांगायचे, गुडघे दुखतात. त्याच गुडघ्यांनी ते रोज सकाळी रंकाळा तलावावर चालत जायचे.

मुलाखत पुण्यात होती. मामा बरोबर आले आणि बाहेरच्या बाकावर थर्मास घेऊन बसले. गटचर्चेत बाकीची मुलं इतकी सभ्य होती, की प्रत्येक वाक्यानंतर श्वास घ्यायची. मला घुसायला मैदान मोकळंच होतं. मुलाखतीत तिघांपैकी एकाने विचारलं, तुझ्या पाहण्यातला सगळ्यात निष्पक्ष माणूस कोण? मी मामांच्या थर्मासबद्दल सांगितलं. तिघेही हसले, चांगलं हसले. बंगल्यावरच्या कपाबद्दल मी बोलले नाही. आणि मी उठणार तेवढ्यात त्यातल्या एकाने सहज विचारलं, "कोल्हापूर म्हणजे तिकडे फौंड्र्या बऱ्याच आहेत ना?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं? या एका प्रश्नाने माझी किती वर्षं खाल्ली असतील! सरावाच्या शेवटच्या दिवशी अभिजित निरोप देताना म्हणाला होता, "मी बघतो." आमच्याकडे हे सगळेच म्हणतात. नळ दुरुस्त करणाराही म्हणतो आणि आमदारही म्हणतो. त्याने खरंच कुणाला फोन केला होता का?

माझा नंबर लागला. आईने हातकणंगल्यात पेढे वाटले, मामींनी पेठेत वाटले, आणि बंगल्यावरच्या आमच्या फेऱ्या एव्हाना कळलेल्या पेठेने पेढे खाऊन हिशोब जुळवला. पेनल्टी दिली आणि भाचीला ॲडमिशन मिळाली! पोरं मला बघून शिट्ट्या वाजवायची आणि पेनल्टी मॅडम म्हणायची. काही जणांना दुसरंच सुचलं, ह्यांना काय, ह्यांच्यासाठी जागा राखीवच असतात. राखीव जागेसाठीच मी अर्ज केला होता. तो माझा हक्क होता आणि त्याची मला ना तेव्हा लाज वाटली ना आज वाटते. हक्क आणि वशिला यांतला फरक मला चांगला कळतो. पण जागा राखीवच होती तर पेनल्टी कशाला विकत घ्यावी लागली, हा साधा प्रश्न पेठेतल्या एकाही शहाण्याला पडला नाही. मला मात्र दुसराच प्रश्न पडला आणि तो गेला नाही. ही जागा माझी मी मिळवली, की मामांनी त्यासाठी आपली शिट्टी विकली? पहिली गोष्ट खरी असेल तर मी कुणीतरी होते. दुसरी खरी असेल तर मी काहीच नव्हते, आणि मामाही उरले नव्हते.

संस्थेत कुणी माझं कौतुक केलं की मी त्याच्या हातांकडे बघायचे. चांगले गुण मिळाले तरी वाटायचं, आत शिरताना दार कुणी उघडलं होतं ते आधी कळू दे. पुढे नोकरी लागली, पुण्यात घर झालं, लोक मला मॅडम म्हणू लागले आणि त्यात आता पेनल्टी नव्हती. एकदा माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात अभिजित भेटला. मी सरळ विचारणार होते, पण तोच माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय, झालं ना काम तेव्हा?" आणि हसत पुढच्या माणसाकडे गेला. हा माणूस पाऊस पडला तरी श्रेय घेणाऱ्यांतला. त्याच्या त्या वाक्यावर विश्वास ठेवावा तरी पंचाईत आणि न ठेवावा तरी पंचाईत.

मामांना मी दोनदा विचारलं. पहिल्यांदा संस्थेत जाताना, स्टँडवर. तेव्हा ते म्हणाले, "तू तुजा अभ्यास कर." दुसऱ्यांदा गेल्या पावसाळ्यात, आमच्या शेवटच्या भेटीत. मामी बाजारात गेल्या होत्या, आम्ही दोघेच होतो. मी म्हटलं, "मामा, विलासचा हात लागला होता का?"

"मला लागलेला दिसला."

"मग शिट्टी का ठेवली?"

त्यांनी आपले हात मांडीवर उताणे ठेवून पाहिले. मग म्हणाले, "चहा प्यालो नसतो, तर छातीला हात लावून सांगितलं असतं. दिसला म्हंजे दिसला. पर त्यो चहा पोटात हुता गं... मी बगितला का चहानं बगितला, मला आजून म्हाईत न्हाय." आणि माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुजं काय? तुजा नंबर तुजाच हुता का?"

मी म्हटलं, "मलाही माहीत नाही, मामा."

"मग झालं की," मामा म्हणाले. "तुज्या हातात कदी शिट्टी आली, तर आपला चहा आपल्यासंगं ठेव. फुडच्याला तरी म्हाईत असू दे." जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेणाऱ्या माझ्या मामांनी इतकी वर्षं सगळ्यात कडक संशय स्वतःवरच घेतला होता. मला त्या वेळी त्यांच्याबद्दल इतकं वाईट वाटलं, की मी उठून भांडी आवरायला लागले.

मामांच्या मृत्यूनंतरच्या जलदानाच्या कार्यक्रमाला पेठेतले लोक आले. इतक्या वर्षांत केस पिकले होते, राग मावळले होते. विलासही आला, आता पोट सुटलेला, दुकान चालवणारा. हात जोडून मला म्हणाला, "ताई, लागलाता त्या दिवशी. माजा हात लागलाता." मामांची भाची मी. मी विचारलं, "कुठला?" विलासने आधी उजव्या हाताकडे पाहिलं, मग डाव्या हाताकडे पाहिलं. "आता इतकी वर्सं झाली..." तो म्हणाला, "पर मामा सरळ माणूस हुता." त्याला मला धीर द्यायचा होता की खरं सांगायचं होतं, कोण जाणे. गेलेल्या माणसाच्या दारात कुणाला खोटं बोलणं जड जातं? निघताना मामींनी निळा थर्मास माझ्या पिशवीत घातला. म्हणाल्या, "मला बघवत न्हाय, तू ने."

त्यानंतर काही आठवड्यांनी, मागच्याच पंधरवड्यात, संस्थेने मला पुण्यातल्या मुलाखतींसाठी बोलावलं. दोन प्राध्यापक आणि एक माजी विद्यार्थी, असं ते तिघांचं मंडळ असतं. मी थर्मास घेऊन गेले. तिथे चहा-बिस्किटांची चांगली सोय होती, प्राध्यापकांनी माझी थट्टाही केली. दुपारी यादीत पुढचं नाव शिरोळच्या मुलीचं होतं. मी पाय मोकळे करायला बाहेर आले, तर बाकावरून एक गृहस्थ उठले. पांढरी टोपी, काखेत पिशवी. रखवालदाराकडून त्यांनी माझी माहिती काढली असणार. "मॅडम, तुमी कोल्हापूरच्या म्हणं. मी शिरोळचा. पोरगी आत जायाची हाय आता. चहा सांगू का तुमास्नी?"

मी म्हटलं, "नको, माझा आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "घ्या की," ते म्हणाले. "पोरीसाठी न्हाय म्हणत मी. आपल्याकडच्या म्हणून." त्यांच्या मनात काय होतं मला कळत नव्हतं, आणि त्यांना तरी कळत होतं का? मी खाली त्यांच्या हातांकडे पाहिलं. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळून गुंडाळून बोट पांढरं पडलं होतं.

मी आत गेले आणि दोघांना सांगितलं, की या मुलीला मी प्रश्न विचारणार नाही आणि गुणही देणार नाही. ओळखीची आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नव्हती, आता ओळख निघाली. मुलगी आत आली, मी बाहेर गेले, दार लागलं. आत तिचं जे व्हायचं ते होवो. पण नंबर लागलाच, तर तो कुणाचा, हे विचारत तिला आयुष्य काढावं लागणार नाही. मी बाकावर तिच्या वडिलांच्या शेजारी बसले, मामांचा थर्मास उघडला आणि पोचा आलेल्या झाकणात चहा ओतून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी झाकण घेतलं, पण तोंडाला लावलं नाही. "तुमी भाईर का आला? पोरीचं काय बिनसलं व्हय?" ते विचारत होते आणि माझ्या तोंडाकडे न बघता हातांकडे बघत होते.

"काही नाही बिनसलं," मी म्हटलं. "तिच्या निकालाशी आता माझा काही संबंध नाही. प्या की, पावणं."

त्यांनी झाकण नाकाशी नेलं. मग एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "साखर लई झालीया, मॅडम."

त्यांचा संशय फिटला होता, मॅडमची मर्जी राखायची गरज उरली नव्हती. मामा गेल्यापासून अडून राहिलेलं रडू मला तिथे आलं, त्या बाकावर, आणि शिरोळच्या त्या पाहुण्यांनी काही न विचारता तो गोड चहा सगळा संपवला.